खालून तिसरा

वर्तमानपत्रातला कुठलाही तक्ता मी खालून वर वाचतो. ही सवय मला बँकेने लावली, असं मी चारचौघांत सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा बेरीज एकदा वरून खाली मारायची, एकदा खालून वर मारायची आणि दोन्ही जुळल्या तर घरी जायचं, अशी आमच्याकडे रीत होती. आता बेरजा कॉम्प्युटर करतो. आमच्याकडे फक्त घरी जायचं तेवढं राहिलं आहे. पण खरं सांगायचं तर ही सवय बँकेच्याही आधीची, शाळेतली. निकालाचा कागद वरून वाचायला घेतला तर माझं नाव येईपर्यंत मधली सुट्टी संपायची.

आमचे चिरंजीव दर शनिवारी संध्याकाळी जर्मनीतला फुटबॉल बघतात. तिकडे दुपारी साडेतीनला सामने सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. त्यांचा संघ बायर्न म्युनिक. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते जिंकतात." एवढं व्यवहारी उत्तर मला बी.कॉम. होऊनही कधी सुचलं नव्हतं. २०१३ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ अकरा वर्षं तिकडची 'बुंडेसलिगा' याच बायर्नने जिंकली. अकरा वर्षं पहिला नंबर एकाचाच येत असेल, तर त्या वर्गाचा वरचा भाग वाचण्यात काय राम आहे? मी गुणतक्ता मागून घेतला आणि सवयीप्रमाणे खालून सुरुवात केली. तिथे जो अडकलो तो आजतागायत.

व्यवस्था मोठी पाहण्यासारखी आहे. वर्गात अठरा संघ. प्रत्येकाने चौतीस सामने खेळायचे. शेवटचे दोन संघ सरळ नापास, पुढच्या वर्षी खालच्या वर्गात. आणि सोळावा, म्हणजे खालून तिसरा, त्याला एटीकेटी. त्याने खालच्या वर्गातल्या तिसऱ्या नंबरवाल्याशी दोन सामने खेळायचे आणि आपली लायकी पुन्हा सिद्ध करायची. मधल्या काळात ही एटीकेटी रद्द होती, तेव्हा खालून तिसराही सरळ नापास व्हायचा. २००९ पासून ती पुन्हा सुरू झाली. आपल्या विद्यापीठांनी धोरणं बदलण्याची कला जर्मनांकडून घेतली की जर्मनांनी आपल्याकडून, हा संशोधनाचा विषय आहे.

या तळाच्या लोकांचा इतिहास वाचताना मला पहिल्यांदा भेटला तो बर्लिनचा 'टास्मानिया'. १९६५ साली बर्लिनच्या हेर्था संघाला बुंडेसलिगातून काढलं, कारण खेळाडूंना नियमापेक्षा जास्त पैसे दिले आणि हिशेबात ते बसेनात. (हिशेबात न बसणाऱ्या रकमेबद्दल कुणाला शिक्षा झाली की माझ्यातला कारकून जरा ताठ बसतो.) पण बर्लिन शहराचा एकही संघ नसावा हे त्या काळच्या राजकारणात परवडणारं नव्हतं. म्हणून टास्मानियाला वर उचलून बसवलं. टास्मानियाने चौतीसपैकी दोन सामने जिंकले, पंधरा गोल केले आणि एकशे आठ खाल्ले. ओळीने एकतीस सामन्यांत त्यांना विजय मिळाला नाही. जानेवारी १९६६ मधल्या एका सामन्याला त्या अवाढव्य ऑलिंपिक स्टेडियमात ८२७ माणसं होती. एवढी आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी असतात.

पुढची गंमत अशी, की २०२१ च्या जानेवारीत शाल्के हा नामांकित संघ टास्मानियाचा विक्रम गाठायला आला. तीस सामने विजयाविना झाले. तेव्हा टास्मानियाची माणसं शाल्केच्या पाठीशी उभी राहिली! आमचा सर्वात वाईट असण्याचा विक्रम आमच्याकडेच राहू दे, म्हणून. एकतिसाव्या वेळी शाल्केने हॉफेनहाइमला चार-शून्य हरवलं आणि बर्लिनमध्ये हायसं वाटलं. त्या वर्षी शाल्के शेवटी नापास झालाच, पण तो मुद्दा वेगळा.

मात्र शेवटच्या नंबरवाल्याबद्दल मला सहानुभूती असली तरी चिंता नसते. त्याचं काय व्हायचं ते डिसेंबरातच ठरलेलं असतं. जीव टांगणीला लागतो तो खालून तिसऱ्याचा. त्याचं सगळं आयुष्य एका गुणावर, एका गोलावर, आणि म्हणूनच पंचांच्या एका शिट्टीवर लोंबकळत असतं.

आता न्युरेंबर्गची हकिकत ऐका. महायुद्धानंतर जिथे नाझी पुढाऱ्यांवर खटले चालले, तेच हे न्यायाच्या बाबतीत नावाजलेलं गाव. २३ एप्रिल १९९४. न्युरेंबर्ग तळाशी धडपडतोय आणि सामना आहे म्युनिकला, बायर्नशी. कॉर्नर येतो. गोलपोस्टाच्या अगदी तोंडाशी बायर्नच्या थॉमस हेल्मरच्या पायाला चेंडू लागतो आणि खांबाच्या बाहेरून निघून जातो. जवळ उभं राहून बाहेर मारणं ही खरं तर अवघड गोष्ट, पण ती त्याला साधली. तेवढ्यात लाइन्समनने निशाण वर केलं. पंच हान्स-योआखिम ओस्मर्स यांनी शिट्टी वाजवली. गोल! चेंडू जाळ्याबाहेर आणि गोल फळ्यावर. सामना बायर्नने दोन-एक असा जिंकला. दुसराही गोल हेल्मरचाच, तो मात्र खरा. शेवटी न्युरेंबर्गला पेनल्टी मिळाली होती, तीही वाया गेली.

न्युरेंबर्गने तक्रार केली. जर्मन फुटबॉल संघटनेने टीव्हीवर चित्रं पाहिली आणि सामना पुन्हा खेळवायचा हुकूम दिला. न्याय मिळाला! ३ मे रोजी सामना पुन्हा झाला आणि न्युरेंबर्ग पाच-शून्य असा हरला. वर्षअखेर न्युरेंबर्ग आणि फ्रायबुर्ग या दोघांचे गुण सारखे झाले, गोलांच्या हिशेबात फ्रायबुर्ग तरला आणि न्युरेंबर्ग बुडाला. कितवा? खालून तिसरा. मी सवयीने आकडेमोड करून पाहिली. मूळचा दोन-एक असा पराभव मान्य केला असता तरी गोलांच्या हिशेबात ते बुडालेच असते. फक्त तो न झालेला गोल झाला नसता आणि सामना एक-एक सुटला असता, तर एक गुण मिळून वाचले असते. आणि फ्रायबुर्गचं काय? त्यांनी कुणाचं काहीच घेतलं नव्हतं. ते बिचारे आपल्या गावी आपले सामने खेळत होते. दुसऱ्याच्या चुकीचा फायदा तिसऱ्यालाच मिळतो आणि त्याला पापही लागत नाही, हा हिशेब मी अजून कुठल्या खात्यात टाकावा ते ठरवू शकलेलो नाही.

पंचांना माझ्यासारखा माणूस दोष देणार नाही. आमच्याकडे ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये टाकतात आणि मंडळी चहाला जातात. पंचाला सस्पेन्स अकाउंट नाही. हजारो माणसं बोंबलत असताना त्याने एका सेकंदात रक्कम जमेला घ्यायची की नावे टाकायची ते ठरवायचं. शिवाय तोही माणूसच. १९७५ साली ब्रेमेनमध्ये व्होल्फ-डीटर आलेनफेल्डर नावाच्या पंचांनी अर्धा तास होतो न होतो तोच हाफटाइमची शिट्टी फुंकली. दुपारच्या जेवणाबरोबर त्यांनी थोडी घेतली होती. एका खेळाडूने लक्षात आणून दिल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. आजही ब्रेमेनच्या गुत्त्यांत 'एक आलेनफेल्डर द्या' म्हटलं की एक बिअर आणि एक कडक दारूचा पेला समोर येतो म्हणतात. आमच्या व्यवसायात चूक केलेल्या माणसाला मेमो मिळतो. त्याच्या नावाने पेय निघाल्याचं ऐकिवात नाही.

पैसे खाऊन केलेल्या चुका ही निराळी जात. १९७१ साली ऑफेनबाख संघाचे अध्यक्ष कानेलास यांनी पन्नासाव्या वाढदिवशी पाहुण्यांना जमवून टेप ऐकवल्या. तळाच्या संघांनी वाचण्यासाठी सामने विकत घेतल्याच्या त्या टेप. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिथे काड्यांचा बाजार भरला होता. बावन्न खेळाडूंना शिक्षा झाली. आणि २००५ मध्ये रॉबर्ट हॉयझर हा पंचच सापडला. सट्टेवाल्यांकडून त्याने सदुसष्ट हजार युरो आणि एक टीव्ही घेतला होता. पंचाने लाच म्हणून टीव्ही घ्यावा! चोराने सराफाकडून टॉर्च मागून नेण्यापैकीच. पण या लोकांबद्दल नैतिक प्रश्न पडत नाही. पोलीस आणि कोर्ट यांना पडतो आणि ते सोडवतात.

मशीनने प्रश्न सुटेल अशी आमच्या चिरंजीवांची खात्री आहे. २०१७ पासून तिकडे सामना टीव्हीवर बघणारा दुसरा पंच कोलोन शहरातल्या खोलीत बसतो. मी त्यांना १६ एप्रिल २०१८ ची हकिकत ऐकवली. माइन्झ आणि फ्रायबुर्ग, दोघंही तळातले. हाफटाइम झाला. खेळाडू आत गेले. कोणी बूट सैल केले असतील, कोणी पाणी प्यालं असेल. एवढ्यात कोलोनहून निरोप आला की फ्रायबुर्गच्या खेळाडूचा चेंडूला हात लागला होता. पंचांनी सगळ्यांना आतून परत बोलावलं. माइन्झने पेनल्टी मारली, गोल झाला आणि पुन्हा हाफटाइम झाला. त्यानंतर प्रेक्षकांनी मैदानात टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकली. ती हाफटाइमबद्दल नव्हती, सामना सोमवारी का ठेवला याबद्दल होती. मैदान झाडून दुसरा अर्ध सुरू व्हायला आणखी उशीर झाला. माइन्झने सामना दोन-शून्य जिंकला. निर्णय बरोबर होता, बरं का. हात लागला होता. पण घरी पोचून जेवायला बसलेल्या कारकुनाला परत बोलावून 'एक व्हाउचर राहिलं' म्हणावं, तसं ते झालं.

तर मुद्दा पंचांचा नाहीच. मुद्दा हेल्मरचा. चेंडू बाहेर गेला हे त्या मैदानावर कुणाला नक्की ठाऊक असेल, तर ज्याने तो मारला त्याला. मग तो बोलला का नाही? गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का?

यावर आमच्या हेडकॅशियरसाहेबांचं मत पक्कं आहे. "ज्याची सही त्याची जबाबदारी." पंचाचं काम पंचाने करावं, खेळाडूचं खेळाडूने. बँकेत तरी वेगळं काय आहे? 'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत' अशी पाटी असते. ती वाचून कमी आले म्हणणारे रोज दोघं-तिघं येतात. जास्त आले म्हणून परत आलेला माणूस मी नोकरीत दोनदा पाहिला, आणि त्यातला एक पासबुक विसरला म्हणून आला होता.

जर्मन कायदाही हेडकॅशियरसाहेबांच्या बाजूचा आहे. मैदानावर पंचाने जे ठरवलं तीच वस्तुस्थिती, असा नियम आहे आणि त्याला त्यांनी मालगाडीएवढा लांब शब्द केला आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये लेव्हरकुसेनच्या श्टेफान कीसलिंगने हॉफेनहाइमविरुद्ध हेडर मारला. चेंडू बाहेर चालला होता, पण बाजूच्या जाळ्याला भोक होतं, त्यातून तो आत आला. पंचांनी गोल दिला, लेव्हरकुसेन दोन-एक जिंकला. या वेळी संघटनेने सामना पुन्हा खेळवायला नकार दिला. भोक होतं हे सगळ्यांनी पाहिलं, पण निर्णय तो निर्णय. त्यानंतर चेंडू रेषेपार गेला की नाही हे सांगणारं यंत्र घ्यायचं ठरलं आणि २०१५ मध्ये ते बसलं. जाळं शिवायला लागणाऱ्या सुतळीपेक्षा ते बरंच महाग पडलं असणार.

चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, सांगणारेही असतात." आणि त्यांनी दोन नावं पुढे केली. पहिला आर्ने लार्सन ओक्लँड हा नॉर्वेचा गडी, तोही लेव्हरकुसेनचाच. १९८१ साली बायर्नविरुद्ध त्याने तीन गोल केले. चौथा गोलही पंचांनी दिला, तर हा स्वतः जाऊन म्हणाला, चेंडू बाजूच्या जाळीतून आत आलाय, गोल नाही. दुसरा ब्रेमेनचा आरोन हुंट. मार्च २०१४, समोर पुन्हा आपला न्युरेंबर्गच. हुंट गोलसमोर पडला, पेनल्टी मिळाली, आणि त्याने पंचांना सांगितलं की मला कुणी पाडलं नाही, मी आपणच पडलो. पेनल्टी रद्द.

ऐकून माझा ऊर भरून आला. मग मी सवयीप्रमाणे आकडे पाहिले. ओक्लँड बोलला तेव्हा त्याचा संघ तीन-शून्य पुढे होता. हुंट बोलला तेव्हा त्याचा संघ दोन-शून्य पुढे होता. हेल्मर बोलला नाही तेव्हा शून्य-शून्य होतं. कीसलिंगचा संघ एका गोलाने पुढे होता. आणि १९९५ मध्ये डॉर्टमुंडचा आन्ड्रेआस म्योलर कार्ल्सरूहविरुद्ध कुणीही न लागता पडला, तेव्हा त्याचा संघ शून्य-एक मागे होता. अशा पडण्याला जर्मन लोक 'श्वाल्बे', म्हणजे पाकोळी म्हणतात. म्योलर म्हणाला, मी इजा टाळायला आधीच पडलो. म्हणून त्या पाकोळीला 'संरक्षक पाकोळी' असं नाव पडलं. त्या पेनल्टीने बरोबरी झाली, डॉर्टमुंडने तो सामना जिंकला आणि पुढे स्पर्धाही जिंकली, एका गुणाने. म्योलरला दोन सामन्यांची बंदी आणि दहा हजार मार्क दंड झाला.

"म्हणजे शिल्लक असली की माणूस खरं बोलतो, असं तुम्हाला म्हणायचंय," चिरंजीव म्हणाले. मला काही म्हणायचं नव्हतं. मी फक्त आकडे मांडत होतो. त्यावर त्यांनी एकदम विचारलं, "बाबा, हेल्मरच्या जागी तुम्ही असता तर?"

मी म्हटलं, "आधी जेवून घे."

हेल्मरच्या जागी मी होतो. तेही त्याच वर्षी, १९९४ मध्ये. मी नववीत होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि सहामाहीचे पेपर हातात मिळाले. गणिताच्या पेपरावर लाल शाईत ३५ लिहिलं होतं. बरोब्बर पास. आनंदाच्या भरात मी प्रश्नांचे गुण पाहिले. आठ, सहा, पाच, सात, चार, तीन. वरून खाली बेरीज केली, तेहतीस. खालून वर केली, तेहतीस. आयुष्यातली ती माझी पहिली बरोबर आलेली बेरीज.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आमचा पहिला नंबरवाला उठला. "सर, मला सत्त्याण्णव दिलेत, पण बेरीज पंच्याण्णव होतेय." सरांनी त्याची पाठ थोपटली, वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तीन-शून्य पुढे असलेल्या माणसाला टाळ्या कशा वाजवतात ते मला तेव्हापासून माहीत आहे.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला चौतीस होते. गणितात नापास होणाऱ्यांना रायगडच्या सहलीला नेणार नाही, असं सरांनी आधीच बजावलं होतं. त्याने पेपर माझ्यापुढे सरकवला. "बघ ना, कुठे एक गुण सापडतो का." मी तो मनापासून तपासला. दोन्हीकडून बेरीज केली. चौतीसच. मग तो म्हणाला, "तुझा बघू." मी म्हटलं, "काय बघायचंय त्यात," आणि पेपर दप्तरात घातला.

घरी वडिलांची सही लागायची. ते जिल्हा परिषदेत हिशेबनीस होते. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिलीचं टोक गुणांवरून खाली नेलं. मग खालून वर आणलं. मग थोडा वेळ ते पेपराकडेच बघत राहिले. मी आईच्या पदराआड जाण्याच्या वयाचा नव्हतो, म्हणून दाराआड गेलो. शेवटी त्यांनी सही केली आणि पेपर माझ्याकडे न बघता पुढे केला. त्यांच्याही डोक्यात त्या वेळी कुठला तरी स्कोअर असणार. घरी तेव्हा काय शिल्लक होती आणि काय नव्हती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

डिसेंबरात मी रायगड पाहिला. एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी डबा ठेवला होता. माझ्या दोन गुणांनी त्याचं काही गेलं नव्हतं, हे मी वाटेत बऱ्याच वेळा स्वतःला सांगितलं. पाचाडला उतरेपर्यंत मला ते जवळजवळ पटलं होतं. पण बेरीज चुकलीय हे सरांना सांगितलं असतं, तर सहलीला न गेलेले दोघं त्या दिवशी नदीवर पोहायला गेले असते.

जेवण झाल्यावर हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. ते बायर्नवाले, त्यामुळे मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग नंतर सांगितलंत त्यांना?"

त्यांना म्हणजे त्या मित्राला. त्याचा आता बांधकामाच्या सामानाचा धंदा आहे, आणि खातं आमच्याच शाखेत आहे. मजुरांच्या पगारासाठी दर शनिवारी रोकड न्यायला येतो. दुसरा आणि चौथा शनिवार आम्हाला सुट्टी, त्या आठवड्यात शुक्रवारी येतो. बाजूचा काउंटर रिकामा असला तरी माझ्याच रांगेत उभा राहतो. मी बंडलं पुढे केली की ती तशीच पिशवीत टाकतो. मागच्या माणसाने 'मोजून घ्या' म्हटलं तर सांगतो, "याने दिलेत ना? शाळेपासून बघतोय, याची बेरीज कधी चुकत नाही."

मी दर वेळी म्हणतो, "मोजून घे रे."

तो हसतो आणि पिशवीची चेन ओढतो.